शेजारचे जावई आणि आमचा छोटा ट्रक

आमचा ट्रक साधारण एका हाताच्या लांबीचा होता, कोपरापासून बोटांपर्यंत. रिमोटवर चालणारा, बॅटरीचा, चार जाड टायरांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावाकडे मी ‘एक ट्रक तयार करतोय’ म्हटलं की पुढचा माणूस लगेच ‘बॉडी कुठं बांधालाईस?’ असं विचारायचा आणि मग मला हाताने माप दाखवावं लागायचं. माप बघितल्यावर त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते लिहिता येणार नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कोल्हापूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. वडील ट्रॅक्टर चालवतात. हंगामात दोन ट्रॉल्या जोडून शिरोळ भागातला ऊस कारखान्यावर नेतात, आणि हंगाम संपला की ट्रॅक्टर खोलून दारात पसरतात. माझी बहीण त्या उन्हाळ्यात दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला कोल्हापूरला पॉलिटेक्निकला जायचं होतं. वडील नको म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. बहिणीने ते मला फोनवर त्यांच्याच आवाजात ऐकवलं.

“थोरल्याला पाठवून तीन वर्सं झाली. त्यो तितं काय शिकलाय त्ये मला अजून कळंना. एकदा दाखव म्हनावं. बघतो, आन् मग तुजं ठरवतो.”

मग ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, “दादा, तुझ्याकडं दाखवण्यासारखं काय हाय?”

मी खोलीत इकडे तिकडे बघितलं. भिंतीला टेकवलेल्या ड्रॉइंगच्या शीट होत्या. एका शीटवर नट-बोल्ट होता, तीन बाजूंनी काढलेला. तो वडिलांना दाखवला तर ते खऱ्या नटाची पेटी काढून समोर ठेवतील, हे मला माहीत होतं. आणि जमिनीवर, वर्तमानपत्रावर, तुकड्या-तुकड्यांत तो ट्रक पडला होता.

“एक गाडी हाय,” मी म्हणालो. “पळणारी.”

“पळती?”

“पळंल.”

तिचं कॉलेज आता त्या ‘पळंल’वर अडकलं, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

ट्रक मूळचा एका सीनियरचा. खोली सोडताना त्याने तो आमच्या दारात ठेवला आणि “चालत नाही, बघा काय होतंय का” एवढंच म्हणून गेला. माझा रूम पार्टनर वारणानगरच्या कारखाना कॉलनीत वाढलेला. कुठलीही बंद पडलेली वस्तू दिसली की त्याला भूक लागल्यासारखं होतं. त्याने ट्रकची मूळ मोटर काढून टाकली आणि ऑनलाइन मागवलेली दणकट मोटर बसवली. मग आम्ही दोघांनी खोलीतल्या खोलीत, ट्रक उचलून धरून, पिस्तुलासारख्या रिमोटचा घोडा दाबला. आतून एकदा ‘खर्र’ असा आवाज आला. उघडून बघितलं तर प्लॅस्टिकच्या गिअरचे सगळे दात गेलेले. तळाला तपकिरीसारखा भुगा साचला होता.

“मोटर पैलवान आन् गिअर बिस्किटाचा,” पार्टनर म्हणाला. “भावा, पोलादी गिअर पायजे. शाफ्टबी पोलादी. सगळंच करून घ्यायला लागतंय.”

त्या मापाचे सुटे भाग कोल्हापुरात तयार मिळत नाहीत. पण उद्यमनगरच्या कारखान्यांत करून मिळत नाही अशी वस्तू अजून निघायची आहे. आम्ही ड्रॉइंग काढली. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी एखादी ड्रॉइंग मार्कांसाठी नाही, तर खरोखर वस्तू हवी म्हणून काढत होतो. त्यामुळे इतकी खोडाखोड केली की कागदातून पलीकडचं दिसायला लागलं. ती घेऊन एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. ते पंपाचे आणि इंजिनांचे भाग करायचे. त्यांच्या शटरमध्ये उभं राहिलं की पायाखाली लोखंडाचे कुरळे चुरे करकर वाजायचे.

मिस्त्रींनी ड्रॉइंग लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली.

“पावणं, ह्ये मिलिमीटर हाय न्हवं? का सेंटिमीटर लिवायचं विसरलायसा?”

“मिलिमीटरच.”

“काय घड्याळात बसवायचंय व्हय?”

मी ट्रकची गोष्ट सांगितली. ट्रक म्हटल्यावर त्यांचा सूरच बदलला. त्यांनी ड्रॉइंगची घडी घालून खिशात ठेवली. “मग ही जाडी काय कामाची? ट्रकाचं काम हाय. तुटलं तर नाव कुनाचं जाणार? तुमी निवांत ऱ्हावा. मी भक्कम करून देतो.”

“भक्कम नको, वजन...” मी म्हणायला लागलो होतो. पण तोवर चहा आला. चहा हातात आल्यावर मला समोरच्या माणसाचं काही खोडून काढता येत नाही. हा माझा दोष आहे आणि त्याचा परिणाम पुढे वजनात दिसला.

भाग मिळाले तेव्हा गिअर आम्ही सांगितल्याच्या दुप्पट जाड होता आणि शाफ्ट माझ्या करंगळीएवढा. काम इतकं सुंदर होतं की हातातून ठेववेना. अडचण एवढीच होती, की सगळं बसवल्यावर ट्रक स्प्रिंगांवर उभा राहीना. जेवून उठता न येणाऱ्या माणसासारखा तो पोटावर बसला. घोडा दाबला की निघायचा, पण अगदी सावकाश, काहीतरी ओढून नेत असल्यासारखा. पार्टनरने गंमत म्हणून त्याला दोरीने माझी सूटकेस बांधली. ती त्याने आरामात ओढली. सूटकेस ओढणारा ट्रक वडिलांना दाखवून उपयोग नव्हता. ओढणं त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना पळणारी गाडी कबूल केली होती.

मिस्त्रींना तोंडावर ‘जाडी कमी करा’ म्हणायचं धाडस दोघांतही नव्हतं. म्हणून आम्ही ते भाग घेऊन गुपचूप त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने गिअर हातात घेतला, बोट फिरवलं आणि डोळे मिचकावले.

“ह्ये त्येचं काम हाय. आता मी ह्येला हात लावला तर त्यो माज्याशी बोलंल का?” आणि आम्ही थांबवायच्या आत तो शटरबाहेर जाऊन रस्त्यापलीकडे ओरडला, “ओ मिस्त्री! तुमचा माल पोरं कापायला घेऊन आल्यात!”

मिस्त्री हात पुसत रस्ता ओलांडून आले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला जिल्हा सोडून जावंसं वाटलं. त्यांनी गिअर परत घेतला. “काय कमी पडलं?” त्यांनी विचारलं, आणि राग असता तर बरं झालं असतं, असा तो आवाज होता.

“कमी न्हाय, जादा झालंय,” पार्टनर म्हणाला. “वजन. पळंना.”

मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला. जाडी कमी करणं म्हणजे हार होती. शेवटी ते म्हणाले, “जाडी ऱ्हायली पायजे. वजन जाऊ दे. भोकं पाडूया.”

आणि त्यांनी भोकं पाडली. गिअरला पाडली, शाफ्टच्या पोटातून आरपार पाडली, ज्या पत्र्यावर मोटर बसते त्यालाही पाडली. एकदा हात बसल्यावर त्यांना थांबवेना. शेवटी तो गिअर चकलीच्या साच्याच्या चकतीसारखा दिसायला लागला. पण जाडी तेवढीच राहिली होती. मिस्त्रींनी ती आम्हाला आणि समोरच्या लेथवाल्याला मापून दाखवली.

आता ट्रक स्प्रिंगांवर उभा राहिला. कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर आम्ही तो सोडला. मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकल्यासारखा आवाज झाला आणि ट्रक जिथे होता तिथे नव्हता. एक कुत्रं मागे लागलं, थोडं धावलं आणि मग रस्त्याच्या मधोमध बसून त्या दिशेला बघत राहिलं. पार्टनरही तसाच बघत होता.

त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन केला. गाडीत काय काय आहे ते सांगताना माझी गाडी अडखळत होती. फोनवर ते फक्त ‘हं’ म्हणत होते. मग मी डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरपेटीचं, नाव काढलं.

“क्राऊन-पिनियन हाय त्येला?” त्यांनी विचारलं.

“हाय.”

ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीतले हेच दोन गिअर ते दर उन्हाळ्यात दारात खोलून बसायचे.

“मंग आन,” ते म्हणाले.

एसटीत मी ट्रक मांडीवर घेऊन बसलो होतो, शेजारी पार्टनर. कंडक्टरने ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, “ह्येचं हाफ फाडू का?” मागच्या बाकड्यावरचे लोक आमचं गाव येईपर्यंत हसत होते.

घरी वडील ओट्यावर वाट बघत होते. त्यांनी ट्रक हातात घेतला, उलटा केला आणि मागचं एक चाक बोटाने फिरवलं. पलीकडचं चाक उलट्या दिशेने फिरलं, तसं ते डिफरन्शियलमुळे फिरतं. त्यांनी परत फिरवलं. परत ते उलटं गेलं. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणावर माझे वडील पहिल्यांदा हसले ते तेव्हा. माझी बहीण दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती आणि मला डोळ्यांनी ‘चाललंय, चालू दे’ असं सांगत होती.

“आता पूजा कर की गं,” वडील आईला म्हणाले.

“अधिक महिना हाय,” आई म्हणाली. “नवी गाडी पुजत न्हाईत.”

“नवी कुठं हाय? सेकंडहँड हाय ही. दुसऱ्या पोराची घेतल्याली.”

आईला ते पटलं. तिने ट्रकच्या पुढच्या पत्र्यावर हळद-कुंकू लावलं, जास्वंदीचं एक फूल बसवलं, त्याने पुढचा निम्मा ट्रक झाकला, आणि रिवाजाप्रमाणे चारी चाकांखाली लिंबं ठेवली. खरी गाडी लिंबं चिरडून पुढे जाते. आमचा ट्रक लिंबांवर चढून जॅकवर उभा केल्यासारखा उभा राहिला. मी भीत भीत घोडा थोडासाच दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली आणि मागचं एक लिंबू गलोलीतून सुटावं तसं सुटलं ते थेट पार्टनरच्या नडगीवर बसलं. तो मोबाइलवर शूटिंग घेत होता. त्या शूटिंगमध्ये आमचं छप्पर आहे, आभाळ आहे आणि त्याचा एक शब्द आहे, म्हणून ते कुणाला दाखवता येत नाही.

“लिंबू न्हाय फुटलं,” आई काळजीने म्हणाली.

“नडगी फुटली की,” वडील म्हणाले. “चालतंय.”

मग मुद्द्याचं आलं. वडिलांनी विचारलं, “किती पळती?”

“साठच्या पुढं.”

“कशावरनं?”

“हिशेबावरनं.” मी सांगायला लागलो. मोटरचे फेरे, गिअरचे दात, चाकाचा घेर.

वडिलांनी हात वर केला. “हिशेबावर ऊसबी लई हुतोय. काट्यावर गेला की कळतंय किती टन हाय. मोजून दाव.”

बहिणीच्या चेहऱ्यावरचं ‘चाललंय’ पुसलं गेलं.

मोजायचं कसं यावर गल्लीतले आठ-दहा लोक ओट्यावर जमून बोलायला लागले. शेवटी ठरलं की ट्रकच्या बरोबरीने कुणीतरी मोटरसायकल चालवायची आणि वेगाचा काटा बघायचा. सोपं वाटलं. मग असं निघालं, की गल्लीत ज्याचा काटा चालतो अशी एकही मोटरसायकल नाही. कुणाची केबल तुटलेली, कुणाचा काटा तीसवर कायमचा बसलेला, तर एकाच्या मीटरच्या जागी गणपती होता.

“आमच्या पावण्यांची हाय की!” शेजारचे काका म्हणाले आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो हे त्यांच्या लक्षात आलं.

अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. काकांचे जावई कुरुंदवाडहून धोंड्याच्या जेवणाला आले होते. भांड्यांचं दुकान आहे त्यांचं. सासरी दोन वेळा आग्रह झाल्यावर ते नुकतेच आडवे झाले होते. अंगावर सासूबाईंनी दिलेला नवा पांढरा शर्ट, खिशाला स्टिकर अजून तसाच. जावयाला झोपेतून उठवून काम सांगणं आमच्याकडे होत नाही. पण कुणीतरी त्यांना ‘रेस हाय’ असं सांगितलं असावं, कारण ते स्वतःच मोटरसायकलची किल्ली बोटावर फिरवत बाहेर आले.

“ह्या खेळण्याबरोबर?” ते म्हणाले. “मी सावकाश चालवतो. न्हाईतर ते मागं ऱ्हाईल.”

“काटा तेवढा बघा,” वडील म्हणाले. “ह्येच्यावर माज्या पोरीचं ठरायचं हाय.”

“बघतो की.”

आमच्या दूध डेअरीपासून ओढ्याच्या वळणापर्यंत रस्ता सरळ आहे आणि दोन्ही बाजूंना ऊस. मे महिन्यातला ऊस, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला. मी डेअरीच्या पायरीवर रिमोट घेऊन उभा राहिलो. हात इतके घामेजले होते की बहिणीने तिच्या ओढणीने रिमोट पुसून दिला. जावई मोटरसायकलवर बसले. त्यांच्या सासूबाई दारातून ओरडल्या, “पोटभर जेवलायसा, जपून!” वडिलांनी टॉवेल वर केला आणि खाली सोडला.

जावई निघाले. मी त्यांना थोडं पुढे जाऊ दिलं आणि घोडा दाबला. शेंगदाण्याच्या आवाजासकट ट्रक सुटला, जास्वंदीचं फूल मागे उडून पडलं, आणि बघता बघता तो जावयांच्या बरोबरीला आला. तिथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

मग ट्रक जावयांच्या पुढे गेला.

गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली आणि जावयांना ती आपल्यावर ठोकल्यासारखी वाटली असणार. त्यांनी मूठ पिळली. पांढरा शर्ट फुग्यासारखा फुगला. त्यांचं डोकं खाली, काट्यावर. प्रामाणिक माणूस, सांगितलेलं काम करत होता. ट्रक पुढे, जावई मागे, आणि दोघंही माझ्यापासून झपाट्याने लांब चालले होते. मी घोडा सोडला.

ट्रक थांबला नाही.

मी घोडा परत दाबून सोडला. ब्रेक दाबला. रिमोट डोक्यावर धरला. शेवटी तोंडाने “थांब!” असंही म्हणालो. ट्रक रिमोटच्या टप्प्याबाहेर गेला होता. शेवटचं जे ऐकलं तेच धरून तो पळत होता, आणि त्याने शेवटचं ऐकलं होतं ते ‘पळ’.

ओढ्यापाशी रस्ता वळतो. ट्रक वळला नाही. तो सरळ उसात गेला. त्याच्या मागोमाग, काट्यावरची नजर न काढता, शेजारचे जावईही सरळ उसात गेले.

उसाची पानं एकदा हलली आणि मिटली. रस्ता अगदी रिकामा दिसत होता.

“पावणं!” शेजारचे काका किंचाळले.

सगळी गल्ली पळत सुटली. मीही पळालो. पळता पळता मला दोनच गोष्टी सुचत होत्या. एक, जावयांना काही झालं तर काय. दुसरी, बहिणीचं कॉलेज गेलं. कुठली आधी सुचली हे सांगायला मला संकोच वाटतो. पार्टनर “ट्रक कुठं गेला?” म्हणाला, तर काका त्याच्यावर धावून गेले. “घाल तुजा ट्रक चुलीत! आधी जावई हुडका!” सासूबाई डेअरीपासूनच हाका मारत होत्या आणि त्यांची मुलगी, म्हणजे जावयांची बायको, त्यांच्या मागून चालत येत म्हणत होती, “अगं काय न्हाय हुत त्येंना. आमच्या तितं आठवड्याला पडत्यात.”

ऊस आत हलला. पानं बाजूला झाली आणि जावई बाहेर आले. त्यांच्या केसांत उसाची पानं होती, गालांवर ओरखडे होते, नव्या शर्टाची एक बाही नव्हती. मोटरसायकल आत पाटाच्या चिखलात उभीच्या उभी रुतली होती. त्यांनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं, वडिलांना शोधलं आणि हात वर करून ओरडले:

“बासष्ट!”

काकांनी आधी त्यांचे हातपाय चाचपले.

“मी बासष्टवर हुतो,” जावई म्हणाले, “आन् त्यो माज्या म्होरं हुता!”

त्यावर जी आरोळी उठली ती ओढ्यापलीकडे गेली असेल. काकांनी जावयांना मिठी मारली. सासूबाईंनी त्यांच्यावरून मीठ ओवाळायचं ठरवलं आणि मीठ आणायला कुणाला तरी पिटाळलं. पण माझे वडील हसले नव्हते. ते उसाकडे बघत होते.

“गाडी कुठाय?” त्यांनी विचारलं.

आत शिरून शोधणं सोपं नव्हतं. उभ्या उसात दोन हातांवरचं दिसत नाही आणि पानं कापतात. पाच-सहा जण आत शिरले आणि एकमेकांनाच हाका मारत बसले. सगळे एकदम बोलत होते. मी बांधावर उभा राहून नुसता घोडा दाबत होतो, ट्रकचा आवाज तरी येईल म्हणून. बहिणीने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.

“दादा, घोडा दाबू नगं. चाकात पाला अडकला असंल तर मोटर जळंल. म्होरली चाकं नुसती डावी-उजवी करते. पाला वाजंल.” मग ती वळली आणि सगळ्या गल्लीवर ओरडली, “गप बसा की समदी! काय ऐकाय येईना!”

सगळे गप्प झाले. काका, काकू, जावई, एका बाहीत. माझे वडीलही. ते काहीतरी बोलणार होते ते तसंच तोंडात राहिलं. माझी बहीण रिमोट पुढे धरून बांधावरून पावलं टाकत चालली. थोडं चालायची, थांबायची, रिमोटवरचं छोटं चाक इकडे-तिकडे फिरवायची, कान द्यायची. मी तिच्या मागे चाललो होतो.

एका ठिकाणी उसातून आवाज आला. सळ-सळ. थांबला. तिने परत चाक फिरवलं. सळ-सळ.

वडील टॉवेल तोंडाला गुंडाळून आत शिरले. बराच वेळ नुसती पानं हलताना दिसली. मग ते ट्रक बगलेत धरून बाहेर आले. ट्रक उलटा सापडला होता. मागच्या शाफ्टला पाल्याची दोरी वळली होती. बहिणीच्या हाताखाली त्याची पुढची चाकं अजून डावी-उजवी, डावी-उजवी हलत होती. ‘परत जाणार नाही, जाणार नाही’ असं तो म्हणतोय, असं मला वाटत होतं. मिस्त्रींचा शाफ्ट मात्र जराही वाकला नव्हता.

वडील बांधावर बसले. ट्रक मांडीवर घेऊन पाला सोडवायला लागले.

“पळती,” ते म्हणाले. “बासष्टाच्या म्होरं पळती. बरोबर हाय. पण थांबली का न्हाय?”

मी खरं ते सांगितलं. रिमोटचा संपर्क तुटला तर गाडीने काय करायचं हे तिला आधीच सांगून ठेवता येतं. त्याला फेलसेफ म्हणतात. आम्ही ते सांगून ठेवलं नव्हतं. पळवायच्या नादात दोघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

“म्हंजे पळवायचं शिकलास. थांबवायचं ऱ्हायलं.”

“व्हय.”

“त्ये म्होरच्या वर्षाला हाय का?”

इथे मी ‘हाय’ म्हणून मोकळा झालो असतो. पण वडील पाला सोडवत होते, त्यांचे हात उसाने कापले होते, आणि माझ्याने खोटं बोलवलं नाही. “न्हाय आप्पा. त्ये आमच्यात येत न्हाय. त्ये इलेक्ट्रॉनिक्सला असतंय.”

वडिलांनी मान वर करून बहिणीकडे बघितलं. तिच्या हातात रिमोट तसाच होता.

“तुला कशाला जायचं हुतं गं?”

“इलेक्ट्रॉनिक्सला,” ती म्हणाली. एका क्षणाचाही वेळ न घेता. आदल्याच दिवशी फोनवर तिने मला कॉम्प्युटर म्हणून सांगितलं होतं.

वडिलांनी पाल्याचा शेवटचा तुकडा ओढून काढला, एक चाक बोटाने फिरवलं, पलीकडचं उलटं फिरतंय ना हे बघितलं आणि ट्रक तिच्या हातात दिला.

“मग जा,” ते म्हणाले. “घरातल्या एकाला तरी थांबवाय आलं पायजे.”

जावयांना परत एकदा रेस लावायची होती. त्यांच्या सासूबाईंनी ती लावू दिली नाही. मोटरसायकल मात्र वडिलांनी ट्रॅक्टर लावून चिखलातून ओढून काढली आणि काटा चालू आहे ना हे आधी बघितलं.

बहीण आता पॉलिटेक्निकला आहे, इलेक्ट्रॉनिक्सलाच. रविवारी ती हॉस्टेलवरून येते आणि पार्टनर धरून आम्ही तिघं कॉलेजच्या मागे ट्रक सोडतो. फेलसेफ कसं लावायचं हे आम्ही रिमोटच्या डब्यातल्या कागदावरून शिकलो. दोन बटणं एकदम दाबून धरायची, झालं. कॉलेजवर अवलंबून राहता आलं नाही, कारण तिला पहिल्या सत्रात आहे गणित, विज्ञान आणि इंग्रजी. थांबवायचं कुठेच नाही. वडील मात्र दर फोनला तिला विचारतात, “थांबवायचं कुठवर आलंय?”

“चालू हाय,” ती सांगते, आणि माझ्याकडे बघत नाही.